बागेची संहिता

जुन्या पोथीच्या संहितेविषयी आपण मराठीचे अध्यापक फार हळवे असतो, आणि ते योग्यच आहे. ज्ञानेश्वरीच्या एखाद्या ओवीत कोणी मागाहून शब्द घुसडला असेल, तर आपण हस्तलिखितांचा आधार घेऊन वर्षानुवर्षे वाद घालतो. १९०९ मध्ये राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीवरून निर्माण झालेले प्रश्न अजूनही आपल्या चर्चासत्रांत डोकावतात. मात्र तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बागेत हिरवळीचा गालिचा अंथरला, कडेने बोगनवेल लावली, रंगीत दिव्यांची कारंजी उभारली आणि तिचे ‘पुनरुज्जीवन’ झाले असे वर्तमानपत्रात छापून आले, की आपण समाधानाने पुढचे पान उलटतो. पोथीच्या बाबतीत ज्याला आपण प्रक्षेप म्हणू, त्याला बागेच्या बाबतीत आपण सुशोभीकरण म्हणतो. ऐतिहासिक बाग ही एक संहिता आहे, तिला पाठचिकित्सेचे नियम लागू होतात, आणि तिच्या वाचनात भाषेच्या अभ्यासकाला निश्चित असे काम आहे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

बाग ही संहिता असली तरी ती विलक्षण संहिता आहे. मंदिराचा दगड आठशे वर्षे तोच राहतो. बागेतले झुडूप आठ वर्षेही तेच राहत नाही. दर हंगामात माळी जुनी रोपे काढतो, नवी लावतो, वाफ्याची कड थोडी सरकवतो. म्हणजे प्रत्येक माळी हा नक्कलकार असतो, आणि नक्कलकाराच्या हातून जे जे घडते ते ते त्याच्याही हातून घडते: काही गळते, काही भर पडते, काही ‘सुधारले’ जाते. मूळ प्रत अशी कधीच हाती येत नाही; हाती येते ती प्रतींची परंपरा. १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे ऐतिहासिक उद्यानांविषयी एक सनद तयार झाली आणि पुढच्या वर्षी स्मारकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती स्वीकारली. बाग हे ‘जिवंत स्मारक’ आहे, असे त्या सनदेचे सूत्र आहे. आपण वारकरी मौखिक परंपरेच्या अंगाने हे सहज समजू शकतो. गायला जाणारा अभंग बदलतो म्हणून तो कोणीही वाटेल तसा बदलावा, असे आपण म्हणत नाही. बागेचेही तसेच आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठवाडा म्हटले की दुष्काळ आणि टँकर डोळ्यांसमोर येतात. बागा येत नाहीत. तरीही दख्खनच्या उद्यानपरंपरेचे काही महत्त्वाचे अवशेष मराठवाड्यातच आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा सर्वांना ठाऊक आहे, पण आपण पाहतो तो घुमट. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद असा तो सारा परिसर मुळात चारबाग आहे, आणि इमारत त्या बागेतली आहे. दिलरस बानू बेगमचे निधन १६५७ मध्ये झाले. तिच्या या स्मारकाच्या दरवाजावर शिल्पी अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. इमारत बांधणाऱ्यांची नावे आपल्याला मिळाली. बाग लावणाऱ्यांची मात्र मिळाली नाहीत.

त्याच शहरात दिल्ली दरवाजाजवळ हिमायतबाग आहे. सतराव्या शतकातली ही विस्तीर्ण मुघलकालीन बाग आज आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ताब्यात असून तिथे फळ संशोधन केंद्र आहे. समोरच सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जाणारा जुना खिजरी तलाव आहे, आणि बागेत शक्कर बावडी. या बागेवर विद्यापीठाचे उपकार आहेत, हे आधी म्हटले पाहिजे. विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. वाढत्या शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोकळी जमीन फळझाडांखाली टिकून राहिली, याचे कारण ती संशोधनासाठी राखलेली होती. तरीही, फळांच्या जातींची नोंद ठेवणारी ही जागा आपल्याच जमिनीच्या इतिहासाची नोंद तेवढ्या आस्थेने ठेवते काय, हा प्रश्न विचारायला हवा. जुने पाट कुठून कुठे जात होते, हौद कुठे होते, कोणती भिंत कोणत्या काळातली, याचा आराखडा हाती नसताना उद्या तिथे ‘विकास’ आला, तर काय गेले हे सांगायलाही कोणी उरणार नाही. ज्या पोथीची सूचीतच नोंद नाही, ती हरवल्याची तक्रार तरी कशी करणार?

खुलताबादेत बनी बेगमची बाग आहे, लालबाग आहे. अहिल्यानगरजवळ निजामशाहीतला फराहबाग आहे. १५८३ च्या सुमारास पूर्ण झालेला तो भव्य महाल आज कोरड्या तलावाच्या मधोमध उभा आहे. त्याला ‘बाग’ म्हणतात आणि तिथे बाग नाही. नाव उरले, वस्तू गेली. पुण्यात तर या प्रकाराचा कळस आहे. तुळशीबागेत तुळशी नाहीत, बेलबागेत बेलाचे बन नाही, विश्रामबाग म्हटले की वाडा आठवतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी तलाव होता आणि त्या तलावातल्या बेटावर सारसबाग होती. विसाव्या शतकात तलाव नाहीसा होऊन त्या जागी आजचे उद्यान आले. भाषा ही या अर्थाने पुरातत्त्वाचा सर्वांत वरचा थर आहे. माती खणण्याआधी नावे खणता येतात.

शब्दही खणता येतात. ‘बाग’ हा फारसी शब्द आपण मराठीत स्त्रीलिंगी केला. मात्र मुंबईत ‘राणीचा बाग’ म्हणणारे आजही भेटतात, म्हणजे जुने पुल्लिंग अजून पुरते मेलेले नाही. त्याच शब्दापासून आलेला ‘बागायत’ हा शब्द सातबाराच्या उताऱ्यावर जाऊन बसला आणि ऊस लावलेल्या जमिनीलाही लागू झाला. आपल्या भाषेने राजाची बाग आणि कुणब्याचा मळा यांच्यात फारशी उंच भिंत बांधली नाही. दोहोंना एकत्र बांधणारी गोष्ट होती पाणी.

बागेचे पुरातत्त्व म्हणजे नेमके काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. इमारतीचा पाया सापडतो हे त्यांना कळते. फूल कसे सापडणार? फूल सापडत नाही, पण फुलाची जागा सापडते. पायवाटेची माती दाबली गेलेली असते, वाफ्याची सैल आणि खताने काळवंडलेली असते. झाड लावण्यासाठी खणलेल्या खड्ड्याची कड मातीच्या रंगातल्या फरकाने ओळखू येते. जळालेल्या बिया टिकतात. पाँपेई येथे इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेत व खड्यांत झाडांची मुळे कुजून जी पोकळी राहिली, तीत साचा ओतून विल्हेल्मिना याशेम्स्की या विदुषीने मुळांचे आकार मिळवले आणि कोणत्या अंगणात काय होते हे दाखवून दिले. आग्र्याला ताजमहालासमोर, यमुनेच्या पलीकडे, मेहताब बाग आहे. तिथे काळ्या ताजमहालाचा पाया आहे, अशी दंतकथा फ्रेंच प्रवासी तावेर्निए याच्यापासून चालत आली होती. १९९० च्या दशकात तिथे उत्खनन झाले आणि निघाला तो एका बागेचा मोठा अष्टकोनी हौद. काळ्या ताजमहालाची जागा त्याच्या प्रतिबिंबाने घेतली. चांदण्यात या हौदाच्या पाण्यात पांढरा ताज दिसावा अशी ती योजना होती. विशेष म्हणजे या बागेची लिखित साक्षही उपलब्ध होती. दख्खनच्या सुभेदारीवर निघालेल्या औरंगजेबाने १६५२ च्या डिसेंबरात आग्र्याहून शाहजहानला पत्र लिहिले. पुराच्या पाण्याने मेहताब बागेची रया गेल्याचा उल्लेख त्या पत्रात आहे. कुदळ आणि कागद यांनी एकमेकांची साक्ष काढली.

आपल्याकडे मात्र एक मोठी अडचण आहे, आणि ती पायाखालीच आहे. परभणी-जिंतूरकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात तीच फुगून सारे एकजीव करते. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हणतात ते खोटे नाही. पाँपेईत राखेने मुळाचा ठसा जपला. आपल्याकडे मातीच ठसा पुसून टाकते. परागकणांसारखे नाजूक पुरावेही ओल-वाळीच्या या चक्रात चांगले टिकत नाहीत. काळ्या मातीतली बाग तिच्या फुलझाडांवरून ओळखणे म्हणूनच फार अवघड. टिकतात ते दगडी पन्हळ, खापरी नळ, हौदाचा चुना, विहिरीची धाव. आणि टिकतात शब्द. जिथे माती बोलत नाही तिथे ग्रंथांना विचारावे लागते, आणि इथेच आपला विषय सुरू होतो.

ग्रंथांना विचारायचे, तर कसे? उत्साही अभ्यासक सरळ काव्यातले उद्यानवर्णन उचलतो, त्यातली झाडांची यादी करतो आणि ‘यादवकाळात मराठवाड्यात ही झाडे होती’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. हे धोक्याचे आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्यात काय काय वर्णावे हे सांगताना उद्यानक्रीडा आणि जलक्रीडा यांची गणना केली आहे. म्हणजे वन आले, वसंत आला, जलक्रीडा आली, की कवी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आहे असे नव्हे. तो शास्त्राने घालून दिलेली वाट चालतो आहे. भास्करभट्ट बोरीकरांचेच पाहा. त्यांच्या नावातली बोरी ती आमच्या जिंतूर तालुक्यातली, असे इकडे अभिमानाने मानले जाते. त्यांचा ‘शिशुपालवध’ शृंगाराने एवढा ओथंबलेला, की ग्रंथ उत्तम पण निवृत्तांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय त्यांच्या पंथातच मिळाल्याची कथा प्रसिद्ध आहे. अशा काव्यातल्या वृक्षांची यादी घेऊन बोरीच्या शिवारात ती झाडे शोधू लागणे, म्हणजे कविसंकेताला पंचनामा समजणे. नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’लाही हेच लागू आहे. संस्कृत काव्याचा वारसा घेऊन आलेले झाड मराठी ओवीत रुजते, पण म्हणून ते मराठी मातीत रुजलेले असतेच असे नाही.

मग काव्य पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. फक्त ते कुठे वाचायचे हे ठरवावे लागते. माझे मत असे, की बागेच्या इतिहासासाठी वर्णनापेक्षा दृष्टान्त अधिक विश्वासार्ह आहे. वर्णनात कवी श्रोत्याला थक्क करू पाहतो. दृष्टान्तात त्याला समजावून सांगायचे असते. समजावण्यासाठी श्रोत्याच्या रोजच्या पाहण्यातलीच वस्तू घ्यावी लागते. अनोळखी वस्तूचा दृष्टान्त फुकट जातो. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात, माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्यासारखे व्हावे, असा उपदेश आहे. तिथे ज्ञानदेव बागेचे वर्णन करीत नाहीत. ते अहंकार सोडण्याविषयी बोलत आहेत, आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे. पाटाने पाणी वळवणारा माळी १२९० च्या श्रोत्याला इतका परिचित होता, की त्याचे चित्र अर्ध्या ओवीत उभे राहत होते. अरणच्या सावता माळ्याचे अभंगही असेच वाचावे लागतील. भाजीच्या मळ्यातच ज्याने विठ्ठल पाहिला, त्याच्या रचनेत वाफे, पाणी, मोट ही अलंकारासाठी आणलेली नाहीत. ती त्याच्या हाताखालची आहेत.

काव्याबाहेर तर आपली कोठारे भरलेली आहेत. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा जगातल्या कोणत्याही पुरातत्त्वज्ञाला हेवा वाटावा असा ग्रंथ आहे. चक्रधर कुठे थांबले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, त्याच्या कोणत्या बाजूला काय होते, हे भक्तीपोटी टिपून ठेवलेले आहे. पण भक्तीने टिपले म्हणून माहिती कमी काटेकोर होत नाही. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्य गडावर झाडे लावावीत, राखावीत हे सांगतात आणि रयतेची झाडे तोडू नयेत म्हणून बजावतात, ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यांचे कारण. तिथे झाड ही करुणेची आणि कारभाराची, दोन्हीची बाब आहे. जुन्या शिलालेखांत देवाच्या फुलांसाठी जमीन दिल्याचे उल्लेख आढळतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल तर हिशेबाचे आहेत, आणि हिशेबाला कविसंकेत नसतो. दख्खनी उर्दूच्या अभ्यासकांनी या वाटेने पुष्कळ मजल मारली आहे. अली अकबर हुसेन यांनी दख्खनी काव्याच्या आधाराने इस्लामी बागांतील सुगंधाचा अभ्यास २००० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. दाऊद अली आणि एमा फ्लॅट यांनी संपादिलेला दख्खनच्या उद्यानांवरील लेखसंग्रह २०१२ मध्ये आला. त्या कामाच्या तोडीचा, मराठी साधनांवर उभा असलेला एखादा ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात मला दिसत नाही, ही खंत नोंदवतो.

पाठचिकित्सेचा आणखी एक धडा बागेला लागू पडतो, तो कालविपर्यासाचा. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आपल्याला वेदकाळापासूनचा वाटतो. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आणि पोर्तुगीज आल्यानंतरच तो इकडे आला. गुलबक्षी अमेरिकेतली. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. वैशाखात आपली कविता ज्याच्यावाचून अडते तो गुलमोहर मादागास्करचा, एकोणिसाव्या शतकात इथे आलेला. तेराव्या शतकातल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ओवीत झेंडू आला, तर ती ओवी प्रक्षिप्त हे आपण तत्काळ ओळखू. तर मग यादवकालीन बारवेभोवती झेंडूचे ताटवे आणि मुघल चारबागेत बोगनवेल पाहून आपल्याला काहीच का खटकत नाही? सपाट, कातरलेली हिरवळ ही तर ब्रिटिश अमदानीची देणगी. कर्झनच्या काळात ताजमहालाच्या बागेला जे रूप मिळाले, तेच पुढे ‘मुघल बाग’ या शब्दाचे चित्र होऊन बसले. मुळातल्या चारबागेत वाटा उंच आणि वाफे खोल असत, फळझाडे असत, सावली असे. आपण एका उत्तरकालीन प्रतीलाच मूळ प्रत समजून तिच्या नकला काढत आहोत.

उत्तरकालीन थर खरवडून काढावेत, असे मात्र मी म्हणत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने जे वगळले ते फेकून दिले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत सांभाळून ठेवले. बागेचेही तसेच करावे. हिमायतबागेतील कृषी संशोधनाचा थर हाही आता इतिहास आहे. तो पुसून तिथे काल्पनिक मुघल वैभव उभारणे हाही प्रक्षेपच ठरेल. नवे लावले तर ते नवे आहे हे सांगावे. जे ठाऊक नाही ती जागा रिकामी ठेवावी. पोथीत अक्षर गेलेले असेल तिथे आपण टिंबे देतो, कल्पनेने ओवी पुरी करीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वानवा, शेतकऱ्याचे जगणे अवघड, तिथे बादशहांच्या बागांचे हे लाड कशाला? माझे उत्तर असे, की बागेचा अभ्यास हा आपल्याकडे मूलतः पाण्याचा अभ्यास आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला जी नहर आणली, तिचे भुयारी मार्ग आणि मनोरे समजून घेतल्याशिवाय त्या शहराची एकही बाग समजत नाही. आणि ती नहर समजून घेणे हे आजच्या तहानलेल्या शहरालाही उपयोगाचेच आहे. आमच्या शेजारच्या सेलू तालुक्यातील वालूरच्या चक्राकार बारवेतला गाळ गावकऱ्यांनी श्रमाने काढला, तेव्हा त्यांनी स्मारक जपले की पाणी जपले, हा भेद कोणी करू शकत नाही. आमच्या चारठाण्याची मंदिरे आणि बारवाही हेच सांगतात. त्या बारवेचे पाणी देवाच्या स्नानाला जाई, तसे ते फुलांना आणि भाजीलाही जात असणार. मात्र आपण देऊळ मोजले, बारव मोजली, आणि त्यांच्या भोवतीची मोकळी जागा ‘पडीक’ म्हणून सोडून दिली. बाग हरवते ती अशाच ‘पडीक’ जागेत.

आता आपल्या कामाविषयी. पुरातत्त्व खात्याने काय करावे हे सांगणे सोपे आहे; मराठीच्या विभागांनी काय करावे ते मी सुचवतो. मोट, नाडा, सोल, धाव, थारोळे, पाट, दंड, वाफा, आळे, दारे धरणे: हे शब्द आमच्या वर्गातल्या मुलांच्या आजोबांच्या तोंडी आहेत, वडिलांच्या तोंडी निम्मे आहेत, मुलांच्या तोंडी नाहीत. ठिबक आले, मोट गेली. त्यात वाईट काही नाही, बैलांचे आणि माणसांचे कष्ट वाचले. मात्र मोट प्रत्यक्ष हाकलेली ही शेवटची पिढी आहे. ती गेल्यावर जुन्या विहिरीच्या काठावरचा उतार कशासाठी होता, हे उत्खनन करणाऱ्याला सांगणारा माणूस राहणार नाही, आणि ज्ञानदेवांचा माळी पाणी कसे नेत होता हे शिकवायला आपल्याजवळही शब्दार्थाच्या टीपेपलीकडे काही उरणार नाही. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांत त्याच त्या चार कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाऐवजी एका गावातील पाण्याच्या आणि बागेच्या शब्दांचा कोश का होऊ नये? शब्द, तो सांगणाऱ्याचे वय, वस्तूचे रेखाटन आणि ती वस्तू जिथे होती ती जागा, एवढी चार कलमांची नोंद पुरेशी आहे. तिला अनुदान लागत नाही. वही आणि चार रविवार लागतात. जिल्ह्यातच कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा झाडांची शास्त्रीय नावे तपासून घेण्यासाठीही फार लांब जावे लागणार नाही.

असे दहा-बारा कोश तयार झाले आणि त्यांच्या जोडीला मोडी कागदांतील नोंदी आल्या, तर उद्या हिमायतबागेत किंवा एखाद्या बारवेच्या भोवती कुदळ पडण्याआधी विचारण्यासारखे प्रश्न तरी हाती असतील. हे काम आपल्या हयातीतच व्हायला हवे. दगड थांबतील, चुनाही काही काळ थांबेल. पण ज्यांना शब्द ठाऊक आहेत ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.